दोन बाय चार फुटांत इंजिनाचं तोंड फिरवायचं कसं?

कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय बघून झपाटून घरी आलेल्या माणसाचा मॉडेल रेल्वेचा पहिला लेआउट बहुधा एकाच छापाचा असतो. एक प्लाय, त्यावर रुळांचा गोल आणि एक सायडिंग, म्हणजे बाजूला काढलेला रूळ. पंधरा दिवस गाडी गोल गोल पळते. मग त्याचा कंटाळा येतो आणि शेवटचं स्टेशन असलेला, टोकापासून टोकापर्यंतचा लेआउट मनात घर करतो. गाडी दिमाखात फलाटाला लागते, इंजिन बफरला टेकतं आणि तेव्हा लक्षात येतं की परतीच्या प्रवासासाठी इंजिन चुकीच्या टोकाला आहे, वर त्याचं तोंडही भिंतीकडे आहे. मग आभाळातून एक हात येतो, इंजिन उचलतो आणि उलटं करून ठेवतो.

तो हात रजेवर पाठवायचा असेल तर काय करायचं, ते इथे सांगतो. माझी मापं एचओची आहेत, म्हणजे १:८७ प्रमाण आणि १६.५ मिमी गेज. एन स्केलवाल्यांसाठी, म्हणजे ९ मिमी गेजसाठी, मधूनमधून वेगळे आकडे देतो. प्लाय चार फूट बाय दोन फूट, म्हणजे १२२० बाय ६१० मिमी धरला आहे, कारण आमच्या पलंगाखाली तेवढाच सरकतो.

आधी ठरवा, फिरवायचंच आहे का?

नवखा माणूस इथे दोन कामांची गल्लत करतो. इंजिन गाडीच्या दुसऱ्या टोकाला नेणं हे एक काम आणि इंजिनाचं तोंड फिरवणं हे दुसरं. पहिल्याला फक्त फलाटाशेजारी एक समांतर रूळ आणि दोन्ही टोकांना एकेक सांधा लागतो, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारी फाट. दुकानदार त्याला पॉइंट म्हणतो. मी सांधाच म्हणणार, कारण आपल्याकडे तो बदलणारा माणूस सांधेवाला होता, पॉइंटवाला नव्हे. शेवटच्या सांध्यापलीकडे एक इंजिन मावेल एवढा रूळ ठेवला की पहिलं काम झालं.

दुसरं काम तुमच्या इंजिनावर अवलंबून आहे. भारतीय विजेच्या इंजिनांना साधारणपणे दोन्ही टोकांना केबिन असते, त्यामुळे ती फिरवायची गरजच नसते. टँक इंजिनंही, म्हणजे कोळसा-पाणी स्वतःच्याच अंगावर वाहणारी, दोन्ही दिशांना धावतात. नेरळ–माथेरानची वाफेची इंजिनं टँक इंजिनंच होती, तेव्हा माथेरानचा लेआउट करणाऱ्यांनी हा लेख इथेच मिटवला तरी चालेल. प्रश्न येतो तो मागे टेंडर, म्हणजे कोळसा-पाण्याचा डबा, ओढणाऱ्या वाफेच्या इंजिनाचा आणि एकच केबिन असलेल्या डिझेलचा. टेंडर पुढे करून गाडी चालवता येते, पण ते शोभत नाही आणि खऱ्या रेल्वेतही ते नाइलाजानेच केलं जायचं. डब्ल्यूडीपी-४ सारख्या डिझेलला केबिन एकाच टोकाला. लांब नाक पुढे असलं की ड्रायव्हरला पुढचं नीट दिसत नाही. म्हणून खरी रेल्वेसुद्धा अशी इंजिनं त्रिकोणावर किंवा टर्नटेबलवर, म्हणजे रूळ असलेल्या फिरत्या चकतीवर, फिरवून घेते आणि पुढे दोन्हीकडे केबिन असलेली डब्ल्यूडीपी-४डी आली.

तुमच्या कपाटात फक्त डब्ल्यूएपी-४ सारखं विजेचं इंजिन असेल तर समांतर रूळ टाका आणि उरलेल्या पैशांचे दोन डबे घ्या.

जागेचं गणित

फिरवायचे मार्ग तीन: फुगा, त्रिकोण आणि टर्नटेबल. कागदावर तिन्ही सोपे वाटतात, म्हणून आधी आकडे.

फुगा म्हणजे रूळ पुढे जातो, मोठा वळसा घेतो आणि त्याच रुळावर परत येतो. मान, म्हणजे रूळ फुटतो तिथली दोन वळणं, आणि वळसा दोन्हीची त्रिज्या सारखी धरली, तर मान फुटते तिथपासून वळशाच्या टोकापर्यंतचं अंतर त्रिज्येच्या २.७३ पट येतं आणि रुंदी दुप्पट. पेको किंवा हॉर्नबी कंपनीच्या तयार रुळांत दुसऱ्या क्रमांकाचं वळण ४३८ मिमी त्रिज्येचं असतं. म्हणजे लांबी ११९६ मिमी आणि रुंदी ८७६ मिमी, तीही रुळाच्या मध्यरेषेपासून मध्यरेषेपर्यंत. दोन फुटांचा प्लाय इथेच संपला. पहिल्या क्रमांकाचं ३७१ मिमीचं वळण घेतलं तरी रुंदी ७४२. एनमध्ये २२८ मिमी त्रिज्या चालते, तेव्हा ६२२ बाय ४५६ मिमीत फुगा बसतो, पण अर्धा प्लाय तोच खातो. शिवाय मानेची दोन्ही वळणं बरोबर ६० अंशांची आणि मधला वळसा ३०० अंशांचा येतो. तयार वळणं २२.५ आणि ४५ अंशांची मिळतात, त्यामुळे हिशेब जुळत नाही आणि वाकवता येणारा फ्लेक्सी रूळच घ्यावा लागतो. गाडी अख्खी फिरवायची असेल तर फुग्याला तोड नाही. एकट्या इंजिनासाठी एवढी जागा देणं म्हणजे माशी मारायला तोफ.

त्रिकोणात मुख्य मार्गावर दोन सांधे, दोन वळणं आणि ती मिळतात तिथे तिसरा सांधा व शेपटी, म्हणजे त्यापुढचा संपणारा रूळ. इंजिन एका वळणाने शेपटीत जातं आणि दुसऱ्या वळणाने मागे येतं. वळणं काटकोनी धरली तर मुख्य मार्गावर त्रिज्येच्या दुप्पट जागा लागते, आणि खोलीत एक त्रिज्या अधिक सांधा अधिक शेपटी. ४३८ च्या वळणावर ही खोली ८०० मिमीच्या पुढे जाते. एनमध्ये ती साधारण साडेचारशेत बसते. म्हणून एनवाल्यांना माझा सल्ला त्रिकोणाचा, त्यातही शेपटी म्हणून आधीपासून असलेलं सायडिंग वापरायचं. एचओत त्रिकोण हवाच असेल तर शेपटी प्लायबाहेर काढा. माझ्या पहिल्या त्रिकोणाची शेपटी एका सुट्या पट्टीवर होती आणि ती खिडकीच्या कट्ट्यावर टेकायची. कबुतरांना ती फार आवडली.

उरलं टर्नटेबल. डब्ल्यूडीएम-२ या डिझेलची लांबी सुमारे १७ मीटर, म्हणजे एचओत १९७ मिमी. २४० मिमी व्यासाची चकती पुरते. दोन फुटांच्या प्लायवर एचओत हाच मार्ग, आणि पुढे जास्त वेळ मी यावरच घालवणार आहे.

चौथा मार्गही आहे, फुकटात जमा. लाकडी पट्टीवर इंजिनाएवढा रूळ चिकटवायचा, ती लेआउटच्या टोकाला भिडवायची, इंजिन वर घ्यायचं आणि अख्खी पट्टी उचलून उलटी लावायची. याला कॅसेट म्हणतात. पट्टीला दोन्ही बाजूंनी कठडा करा, नाहीतर इंजिन घरंगळून जमिनीवर जाईल. आभाळातला हात यातही आहेच, फक्त तो इंजिनाला लागत नाही.

शॉर्ट सर्किट समजून घ्या, बाकी सुतारकाम आहे

कागदाची एक लांब पट्टी घ्या. एका कडेला लाल रेघ मारा, दुसऱ्या कडेला निळी. पट्टीचं एक टोक टेबलावर सपाट धरून उरलेली पट्टी फुग्यासारखी वळवा आणि शेवट पुन्हा सुरुवातीला भिडवा. लाल निळ्याला भेटते. दोन रुळांवर चालणाऱ्या मॉडेलमध्ये एक रूळ धन, दुसरा ऋण असतो. फुगा किंवा त्रिकोण पूर्ण झाला की धन रूळ ऋणाला जाऊन मिळतो. रुळांना वीज देणारा कंट्रोलर बंद पडतो आणि आपण विनाकारण दुकानदाराला फोन करतो. मार्क्लिन कंपनीच्या तीन वाहकांच्या पद्धतीत ही भानगड नाही, कारण तिथे दोन्ही रूळ एकाच तारेचे आणि दुसरी तार मधल्या खिळ्यांतून जाते. आपल्याकडचे बहुतेक लोक दोन रूळवाले, म्हणून पुढचं वाचा.

उपाय एकच: कुठेतरी दोन्ही रूळ तोडायचे आणि मधल्या तुकड्याला वेगळा वीजपुरवठा द्यायचा. तोडायच्या जागी धातूच्या जोडपट्ट्यांऐवजी प्लॅस्टिकच्या लावायच्या. तुकडा दोन्ही टोकांना तोडायचा आणि प्रत्येक टोकाला दोन्ही रूळ तोडायचे. एकच रूळ तोडून काम भागेल असं वाटतं, पण भागत नाही.

त्रिकोणात हा तुकडा शेपटीचा ठेवा. तिसरा सांधा तुकड्याच्या आत येऊ द्या आणि तोडजागा दोन्ही वळणांवर, त्या सांध्याच्या अलीकडे. बरेच जण सांध्यापलीकडे शेपटीतच तोडतात. मग दोन्ही वळणांचे रूळ सांध्यातच एकमेकांना भिडतात आणि शॉर्ट होतोच. शेपटी एवढी लांब हवी की अख्खं इंजिन सांधा ओलांडून थांबेल. फुग्यात तुकडा सर्वांत लांब गाडीपेक्षा मोठा ठेवा. धातूची चाकं एकाच वेळी दोन्ही टोकांच्या तोडजागांवर आली तर सगळी मेहनत पाण्यात.

तुकड्याची दिशा उलटवायला सहा पायांचा डीपीडीटी स्विच लागतो. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मागा, आणि मधोमध बंद होणारा मागा, तो जास्त उपयोगी. मधले दोन पाय तुकड्याच्या रुळांना. एका टोकाचे दोन पाय कंट्रोलरला. तिथूनच दोन तारा आडव्यातिडव्या, फुलीसारख्या, दुसऱ्या टोकाच्या पायांना. तारांना दोन रंग ठेवा. रात्री अकरा वाजता सगळ्या तारा काळ्या दिसतात.

साध्या डीसी कंट्रोलरवर इंजिनाची दिशा रुळांच्या ध्रुवांवर ठरते, त्यामुळे स्विच आणि कंट्रोलर दोन्ही हाताने बदलावे लागतात. डीसीसीमध्ये, म्हणजे डिजिटल कंट्रोलमध्ये, दिशा इंजिनातला डीकोडर ठरवतो. तिथे ऑटो-रिव्हर्सर नावाचं छोटं सर्किट शॉर्ट जाणवताच तुकड्याचे ध्रुव स्वतःच उलटवतं. डीसीसी असेल तर ते घ्याच. नसेल तर केवळ यासाठी डीसीसीवर जाऊ नका.

टर्नटेबल: पायरीपायरीने

पहिली पायरी, मध्यबिंदू. ६ मिमी प्लायवर टर्नटेबलची जागा ठरवा आणि काहीही कापण्याआधी मध्यबिंदूला बारीक आरपार भोक पाडा. सगळी मापं याच भोकातून घ्यायची. कंपासने १२० मिमी त्रिज्येचं वर्तुळ काढा. फलाटाच्या रुळाची मध्यरेषा बरोबर या भोकातून जायला हवी, आणि हा बरोबर शब्द शब्दशः घ्या. रूळ मध्यापासून अर्धा मिलिमीटर सरकला, तर अर्धा फेरा झाल्यावर तो दुसऱ्या बाजूला अर्धा मिलिमीटर जातो, म्हणजे फरक एक मिलिमीटरचा. एका दिशेला सरळ जाणारं इंजिन उलट दिशेला दर वेळी घसरेल आणि तुम्ही चाकांना शिव्या द्याल.

दुसरी, चकती. जिगसॉ असेल तर त्याच प्लायमधून कापा, म्हणजे जाडी आपोआप सारखी राहील. नसेल तर ट्रॉफी आणि नेमप्लेटवाल्याकडे लेझर कटिंग होतं, तिथे ६ मिमी अॅक्रिलिकची चकती काढून घ्या, मध्याच्या भोकासकट. मुंबईत, कोकणात, गोव्यात मी अॅक्रिलिकच सुचवेन. माझी एमडीएफची चकती पहिल्या आषाढातच फुगली आणि दिवाळीपर्यंत जागची हलली नाही. लाकूडच वापरणार असाल तर कापलेल्या कडांना पॉलिशचे दोन हात द्या आणि चकती व प्लाय यांच्यात सगळीकडून एक मिलिमीटर फट ठेवा.

तिसरी, खालचा मजला. चकतीखाली दुसरा प्लायचा तुकडा लागतो. चकतीचं वजन पेलायला फर्निचरच्या पायांना लावायच्या फेल्टच्या गोल टिकल्या त्यावर वर्तुळात चिकटवा, चार पुरतात. टिकल्या जेवढ्या जाड, तेवढ्याच जाडीच्या पट्ट्या दोन्ही प्लायच्या मध्ये घाला, म्हणजे चकतीचा माथा आणि लेआउटचा माथा एका पातळीत येतील. वरून पट्टी टेकवून बघा. नखाला चढ लागला तरी इंजिनाला लागेल.

चौथी, खुंटा आणि वीज एकाच फटक्यात. गिटारच्या वायरला असते ती मोठी ऑडिओ जॅक घ्या, ६.३५ मिमीची, साधी मोनो. सॉकेट खालच्या प्लायमध्ये, प्लग चकतीच्या पोटाला, मध्यबिंदूवर इपॉक्सीने. प्लगच्या टोकाची तार एका रुळाला, दांड्याची दुसऱ्याला. चकती कितीही फेरे फिरवा, तारांना पीळ बसत नाही. सॉकेटच्या तारा डीपीडीटीच्या मधल्या पायांना. प्लग घालता-काढताना क्षणभर शॉर्ट होऊ शकतो, तेव्हा कंट्रोलर बंद ठेवा.

पाचवी पायरी या सगळ्या उद्योगाचा जीव आहे. चकती जागेवर बसवून एखादी चिकटपट्टी लावून गच्च करा. आता फ्लेक्सी रूळ फलाटाकडून थेट चकतीवरून पलीकडच्या कडेपर्यंत अखंड टाका. चकतीच्या कडेपाशी, फटीच्या दोन्ही बाजूंना, प्रत्येक रुळाखाली छोटा पितळी स्क्रू पिळा आणि रूळ त्याला सोल्डर करा. लाकडात स्क्रू थेट बसतो, अॅक्रिलिकमध्ये आधी भोक पाडा आणि सोल्डरगन फार वेळ टेकवू नका, ते वितळतं. फेव्हिकॉल लावा, एक रात्र जाऊ द्या. आणि मग, सगळं घट्ट झाल्यावरच, फटीच्या बरोबर वर बारीक करवतीने रूळ कापा. आधी कापून नंतर जुळवायला गेलात तर आयुष्य जाईल. अखंड टाकून मागाहून कापलेले रूळ एकमेकांसमोरच असतात, त्यांना दुसरा पर्याय नसतो.

सहावी, कडी. हाताने फिरवलेली चकती नेमकी थांबवायला काहीतरी हवं, कारण जॅकमध्ये थोडा खेळ राहतोच. सायकलचा स्पोक आणि तो सहज सरकेल पण डुगडुगणार नाही अशी पितळी नळी शोधा. रुळाशेजारी, समांतर, फटीवरून आरपार नळी चिकटवा आणि रुळांबरोबर तीही कापा. स्पोक दोन्ही नळ्यांतून सरकला की चकती कुलूपबंद. दुसऱ्या टोकासाठी चकती अर्धा फेरा फिरवा, रूळ जुळलेत का ते एक डोळा मिटून, रुळाच्या पातळीवर मान नेऊन बघा, स्थिर नळीतून स्पोक पुढे काढा, त्यावर नळीचा दुसरा तुकडा ओवा आणि तो चकतीला चिकटवा. वरून पाहिलं तर चकतीवरच्या दोन नळ्या एकमेकींच्या कर्णावर येतात. त्या तशाच यायला हव्यात.

सातवी, चालवण्याची रीत. इंजिन चकतीवर घ्या, स्विच मध्यावर आणून वीज तोडा, स्पोक ओढा, अर्धा फेरा, स्पोक परत. आता डीसी असेल तर डीपीडीटी उलट बाजूला टाका आणि कंट्रोलरची दिशाही उलटवा. दोन्ही. एकच केलंत तर इंजिन उलट, पलीकडच्या कडेकडे निघेल, आणि एकही नाही केलंत तर चाक फटीवर येताच शॉर्ट. मी चकतीच्या एका टोकाला लाल ठिपका दिलाय आणि स्विचच्या एका बाजूलाही. ठिपका फलाटाकडे असेल तर स्विच लाल बाजूला. एवढ्यावर आमच्याकडे सातवीतली मुलगीसुद्धा न विचारता इंजिन फिरवते.

एका दगडात दोन पक्षी

छोट्या लेआउटवर टर्नटेबल कोपऱ्यात शोभेला ठेवू नका. फलाटाचा रूळ आणि शेजारचा समांतर रूळ दोन्ही थेट चकतीत आणा. गाडी येते, इंजिन सुटून चकतीवर जातं, चकती अर्धा फेरा घेते आणि शिवाय थोडीशी आणखी फिरते, इंजिन शेजारच्या रुळाने परत. तोंडही फिरलं, टोकही बदललं आणि शेवटचा एक सांधा व त्यापलीकडचा इंजिनभर रूळ वाचला. ही माझी कल्पना नाही. इंग्लंडच्या दक्षिणेला आइल ऑफ वाइट बेटावर बेंब्रिजच्या चिमुकल्या स्टेशनात फलाटाच्या टोकाला सांध्याऐवजी असंच एक छोटं टर्नटेबल होतं, १९५३ साली तो मार्ग बंद होईपर्यंत.

फक्त कोन सांभाळा. दोन्ही रूळ चकतीच्या मध्याकडेच रोखलेले असायला हवेत, नुसते समांतर आणून चालत नाही. एचओचा स्लीपर ३० मिमीच्या आसपास रुंद असतो आणि १२० मिमी त्रिज्येच्या कडेवर तेवढी जागा म्हणजे सुमारे १५ अंश. याहून जवळ आणलेत तर स्लीपर एकमेकांवर चढतात. मी २० अंश ठेवतो. दुसऱ्या रुळासाठीही पाचवी आणि सहावी पायरी करायची, फरक एवढाच की चकतीवरचा रूळ आधीच कापलेला आहे. तेव्हा चकती त्या कोनात फिरवा, बाहेरचा रूळ तिला भिडवा आणि मग स्क्रूवर सोल्डर करा. स्थिर नळीही स्पोकवर ओवूनच चिकटवायची.

रंग, खडी, कठडा यातलं काही आत्ताच लावू नका. आधी आठवडाभर इंजिन फिरवा, शक्यतो तुमच्याकडचं सगळ्यांत कुरकुरं, सगळ्यांत हळू आणि दोन्ही दिशांना. मग एकदा मागे ढकलत न्या. जिथे चाक उडी मारतं तिथे बारीक कानस घेऊन रुळाच्या आतल्या कडेचा कोपरा किंचित गोल करा, वरचा माथा मात्र घासू नका. रूळ स्पिरिटने पुसा, पावसाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी. खडी टाकाल तेव्हा नळीत स्पोक घालून ठेवा आणि फटीत जुन्या कॅलेंडरच्या कागदाची पट्टी अडकवा, नाहीतर पातळ केलेला फेव्हिकॉल आत झिरपेल आणि सकाळी चकती प्लायचाच एक भाग झालेली असेल.